प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे

जेवताना ठसका लागला की घरातील वडीलधारे माणूस टाळूवर थापटते आणि "वर बघ, वर बघ" म्हणते. दोन-चार वेळा खोकून माणूस मोकळा होतो, घोटभर पाणी पितो आणि जेवण पुढे सुरू होते. बहुतेक ठसके असेच जातात. प्रस्तुत लेख जे जात नाहीत अशा थोड्या ठसक्यांविषयी आहे. आणि ठसका न लागताही, श्वासाच्या मुख्य नळीतच काही अडल्यामुळे जी धाप लागते व जिला आपण सरसकट "दमा" म्हणून मोकळे होतो, तिच्याविषयीही आहे.

मी मुंबईतील एका रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर गावी लांज्याकडे राहावयास आल्यावर आजूबाजूच्या वाडीतील बायाबापड्या औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन येतात. मी डॉक्टर नाही, हे मी प्रत्येकीला आधीच सांगते. पण ऐकून घेते, आणि कधी कधी ऐकून घेण्याचाच उपयोग होतो.

एका पावसाळ्यात एक आई आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. चार महिने मुलाला खोकला आणि ताप येऊन-जाऊन होता. औषध दिले की आठ दिवस बरे, पुन्हा तेच. कोणी "बाळदमा" सांगितला होता, तोंडाला लावायचा पंप दिला होता. दृष्टही काढून झाली होती. मी मुलाच्या उघड्या पाठीला कान लावला. डाव्या बाजूला हवा आत जाताना स्वच्छ ऐकू येत होती, उजव्या बाजूला फारच कमी. नोकरीत जो प्रश्न शेकडो वेळा ऐकला होता तो मी विचारला, "याला कधी जोराचा ठसका लागला होता का?" आई गप्प राहिली. आजी म्हणाली, "शिमग्यात लागलेला की. पण तेव्हाच बरा झाला ना!"

शिमग्याला मुंबईची माणसे आली होती. पडवीत मुले धावत होती आणि शेंगदाणे खात होती. हा हसता हसता ठसकला, चेहरा निळसर झाला, थोडा वेळ खोकला आणि पुन्हा खेळू लागला. म्हणून सगळे विसरून गेले. पुढे मुंबईत दुर्बिणीने तपासले तेव्हा उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीतून अर्धा शेंगदाणा निघाला. चार महिन्यांत त्या मुलाला किती औषधे दिली गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ठसक्याचा प्रश्न मात्र एकदाही विचारला गेला नव्हता.

नळीची रचना आणि सोळाचे गणित

विद्यार्थ्यांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवून पाहावे. स्वरयंत्राच्या खाली कडक कड्या हाताला लागतात. ती श्वासनलिका होय. मोठ्या माणसात ती साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब आणि सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते. तिच्यात कूर्चेच्या १६ ते २० कड्या असतात. या कड्या पूर्ण वाटोळ्या नसून मागच्या बाजूला उघड्या असतात. तेथे मऊ पडदा असतो आणि त्याला लागूनच अन्ननलिका असते. छातीच्या मधोमध श्वासनलिकेचे दोन फाटे होतात, एक उजव्या फुप्फुसाकडे व एक डाव्या. उजवा फाटा अधिक रुंद आणि अधिक उभा असल्यामुळे वरून पडलेली वस्तू बहुधा उजवीकडे जाते. गावाला पाणी पुरवणाऱ्या मुख्य पाइपासारखा हा भाग आहे. एखाद्या घराचा नळ तुंबला तर एकाच घराची अडचण होते. मुख्य पाइप तुंबला तर सगळ्या वाडीचे पाणी जाते.

दहावीच्या मुलांना आवडेल असे एक गणित येथे आहे. हवा नळीतून संथ वाहत असेल तर नळीची रुंदी निम्मी झाल्यावर अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. दोनला दोनने तीन वेळा गुणावे तसा. तान्ह्या बाळाची श्वासनलिका चारच मिलिमीटर रुंद धरली आणि तिच्या आतल्या अस्तराला सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली, तर उरते दोन मिलिमीटर. म्हणजे ते बाळ सोळापट अडथळ्याविरुद्ध श्वास ओढत असते. तेवढीच सूज मोठ्या माणसाला जाणवणारही नाही.

मोठ्या माणसाच्या बाबतीत धोका वेगळ्या तऱ्हेचा असतो. त्याच्या नळीत जागा भरपूर असल्यामुळे ती हळूहळू अरुंद होत गेली तरी पुष्कळ दिवस त्रास होत नाही. साधारणपणे रुंदी आठ मिलिमीटरच्या आसपास आली की चढण चढताना धाप लागते, आणि पाचच्या आसपास आली की बसल्या जागी. म्हणजे बसून धाप लागणारा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा उरलेली वाट काडीएवढी असते, आणि एखादा चिकट बेडका अडकला तरी ती बंद होऊ शकते.

दमा आणि अडथळा यांतील फरक

दम्यात फुप्फुसातील असंख्य बारीक नळ्या आवळतात. दोन्ही बाजूंनी निरनिराळ्या सुरांची सूं सूं ऐकू येते, त्रास कमी-जास्त होतो आणि पंपाने बराच उतरतो. मुख्य नळीतील अडथळ्याचा आवाज बहुधा एकसुरी असतो, शिट्टीसारखा किंवा करवतीसारखा, आणि पंपाने तो फारसा बदलत नाही. अडथळा गळ्याच्या भागात असेल तर श्वास आत घेताना आवाज येतो. छातीच्या आतील भागात असेल तर बहुधा श्वास सोडताना येतो, आणि तो दम्यासारखाच भासतो. चूक होते ती येथे. एकाच बाजूच्या फुप्फुसात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे हीसुद्धा खूण आहे.

मात्र हे वाचून कोणी आपला किंवा मुलाचा चालू असलेला पंप बंद करू नये. दम्याचे रुग्ण पुष्कळ आहेत, अडथळ्याचे थोडे. पंप नीट घेऊनही उतार पडत नसेल तर "दुर्बिणीने पाहण्याची गरज आहे का?" असे डॉक्टरांना विचारावे, एवढेच सांगणे आहे.

शेंगदाणा, आठळी आणि पेनाचे टोपण

लहान मुलांत अडथळ्याचे मोठे कारण म्हणजे बाहेरची वस्तू, आणि आपल्या देशात तिच्यात शेंगदाणा आघाडीवर आहे. मुलाला पुढचे दात लवकर येतात, दाढा मागाहून येतात. ते दाणा तोडू शकते, पण चावून बारीक करू शकत नाही. त्यात ते हसत, रडत, धावत खाते. हसताना खोल श्वास घेतला की दाणा हवेबरोबर आत ओढला जातो. आपल्या लांज्याच्या बाजूला तर घराघरात काजू, फणसाच्या आठळ्या, चिंचोके, जांभळाच्या बिया असतात. फणसाचा हंगाम आला की उकडलेल्या आठळ्यांचे टोपले मुलांच्या हाताशी असते. चार-पाच वर्षांखालील मुलाला अख्खा दाणा, काजू किंवा आठळी देऊ नये, कुटून द्यावी. शाळकरी मुलांत पेनाचे टोपण, शिट्टी, खेळण्यातील बारीक दिवा अशा वस्तू सापडतात. पुष्कळ पेनांच्या टोपणाला वरच्या टोकाशी भोक असते. ते टोपण घशात गेलेच तर थोडी हवा जात राहावी म्हणून ठेवलेले असते. टोपण चघळणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.

दाण्यातील तेलाने नळीच्या अस्तराला सूज येते आणि दाणा ओलाव्याने फुगतो, म्हणून तो जितका जुना तितका काढावयास कठीण. पहिला ठसका ओसरला की मूल शांत होते. कारण वस्तू एका फाट्यात जाऊन बसलेली असते आणि दुसरे फुप्फुस काम करीत असते. हा शांत काळ फसवा असतो. तो काही तासांचा असेल किंवा काही आठवड्यांचा. एक्स-रेत खिळा, नाणे दिसते, शेंगदाणा दिसत नाही. काही वेळा एका बाजूला हवा कोंडलेली दिसते, पण पुष्कळदा फोटो अगदी स्वच्छ येतो. म्हणून "फोटोत काही नाही" एवढ्यावर घरी परतू नये. ठसक्याची हकिकत पक्की असेल तर दुर्बिणीने पाहणे हाच मार्ग आहे.

वाचकांनी माशाच्या काट्याशी याची गल्लत करू नये. काटा बहुधा घशात किंवा अन्ननलिकेत अडकतो. श्वास चालू असतो, गिळताना टोचते. भाताचा गोळा गिळायला देण्याची आपली रीत त्यासाठी आहे, आणि तीही फारशी चांगली नाही, कारण काटा अधिक खोल रुतू शकतो. श्वास अडलेल्या माणसाच्या तोंडात मात्र भात, केळे, पाणी काहीही घालू नये.

श्वास अडला तर

मूल किंवा मोठा माणूस जोरात खोकत असेल, रडत किंवा बोलत असेल तर त्याला पुढे वाकवून खोकू द्यावे. निसर्गाने दिलेला खोकला हाच त्या क्षणी उत्तम उपाय असतो. टाळूवर थापटल्याने अपाय होत नाही, उपायही होत नाही. परंतु आवाज फुटत नाही, खोकला येत नाही, ओठ निळे पडत आहेत, माणूस दोन्ही हातांनी गळा धरतो आहे, असे दिसले की एक क्षण दवडू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने रुग्णाच्या मागे-बाजूला उभे राहून त्याला कमरेत पुढे वाकवावे आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध जोराने पाच वेळा मारावे. वस्तू न निघाल्यास मागून दोन्ही हातांनी पोटाला मिठी घालावी, एक मूठ बेंबीच्या वर व बरगड्यांच्या खाली ठेवावी, दुसऱ्या हाताने ती धरून आत व वर असा झटका द्यावा, पाच वेळा. पुन्हा पाठीवर पाच, पुन्हा पोटावर पाच. हा पोटावरच्या झटक्याचा उपाय अमेरिकेतील शल्यचिकित्सक हेनरी हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडला. फुप्फुसात उरलेली हवा खालून एकदम दाबली की ती बाटलीच्या बुचासारखी वस्तू बाहेर उडवते.

एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर असा झटका देऊ नये. बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके खाली व आधार दिलेले, आणि पाठीवर पाच वेळा मारावे. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागावर पाच वेळा दाबावे. गरोदर स्त्रीच्या बाबतीतही पोटाऐवजी छातीवर दाबावे. पाय धरून उलटे टांगू नये. तोंडात न दिसणारी वस्तू बोटाने चाचपून काढावयास जाऊ नये, ती अधिक आत ढकलली जाते. माणूस बेशुद्ध पडला तर जमिनीवर उताणे निजवून छातीवर दाब देणे सुरू करावे आणि मदत येईपर्यंत चालू ठेवावे. अधूनमधून तोंडात पाहावे. वस्तू दिसली तरच काढावी. वस्तू बाहेर पडून रुग्ण बरा झाला तरी पोटावर झटके दिले असल्यास एकदा डॉक्टरांना दाखवावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हे एकमेकांच्या अंगावर जोर न लावता करून पाहावे. हे वाचून येत नाही, हाताला वळण लागावे लागते.

इतर कारणे

जुन्या पिढीला घटसर्प आठवत असेल. घशात राखाडी पडदा धरतो, मान सुजते, आणि तो पडदा खाली उतरला की मूल गुदमरते. या रोगावर प्रतिविष शोधण्याच्या कामासाठी एमिल फॉन बेहरिंग यांना १९०१ चे, म्हणजे वैद्यकशास्त्रातील पहिलेच, नोबेल पारितोषिक मिळाले. आज दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीत घटसर्पाचा बंदोबस्त होतो. दीड ते दोन वर्षे, पाच ते सहा वर्षे, दहा आणि सोळा वर्षे या वेळचे डोस पालक विसरतात. घटसर्प गेलेला नाही, आणि डोस चुकले की तो पुन्हा डोके वर काढतो.

क्षयरोगाविषयी आपल्या कोकणाला निराळे सांगावयास नको. गिरणगावातील एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी आपली माणसे मुंबईहून खोकला घेऊन गावी आली आणि येथेच गेली, अशी उदाहरणे प्रत्येक वाडीत आहेत. क्षय नळीच्या अस्तरालाही होतो, विशेषतः तरुण स्त्रियांत. जखम भरून येताना वण आकसतो आणि नळी आवळली जाते. म्हणजे जंतू मेले, गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, बेडका स्वच्छ आला, तरी धाप राहते. "आता क्षय गेला, हा अशक्तपणा आहे" असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये. लहान मुलांत छातीतील सुजलेल्या गाठी बाहेरून नळीवर दाब आणतात. गळ्याला मोठे गलगंड झाल्यासही असेच होते.

आणखी एक कारण अलीकडे वाढले, आणि ते उपचारातूनच येते. मण्यार चावल्यावर, कीटकनाशक पोटात गेल्यावर, डोक्याला मार लागल्यावर रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याला कृत्रिम श्वास देतात. २०२० व २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत तर असे कितीतरी रुग्ण झाले. ती नळी जागेवर राहावी व हवा गळू नये म्हणून तिच्या टोकाशी लहान फुगा असतो. त्याचा दाब जास्त झाला किंवा नळी पुष्कळ दिवस राहिली तर अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, तेथे जखम होते आणि भरताना वण आकसतो. रुग्ण बरा होऊन घरी येतो, घरी गोडधोड होते, आणि काही आठवड्यांनी त्याला धाप लागू लागते. घरचे म्हणतात अशक्तपणा, दवाखान्यात म्हणतात दमा. या नळीने माणसाचा जीव वाचवला हे विसरू नये. पण घरी जाताना मिळालेला कागद जपून ठेवावा, आणि पुढे धाप लागली तर "याला इतके दिवस नळी होती" हे पहिले वाक्य डॉक्टरांना सांगावे.

मोठ्या माणसांत, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, कर्करोगाची गाठ नळीच्या आत वाढते किंवा अन्ननलिकेची गाठ बाहेरून दाबते. बेडक्यातून रक्त पडणे, तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसणे, विनाकारण वजन घटणे या खुणांवर काढा पीत बसू नये. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदीचे आदेश दिले. तरीही लग्नाच्या मांडवात विडीचे बंडल फिरतेच.

दुर्बीण व पुढील उपचार

१८९७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्टाफ किलियन या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत सरळ नळी घालून अडकलेले हाड काढले. त्याआधी अशी वस्तू काढण्याचा बहुतेक एकच मार्ग होता, गळा कापणे. पुढे १९६६ मध्ये जपानच्या शिगेतो इकेदा यांनी वाकणारी, काचेच्या तंतूंची दुर्बीण आणली. आज दोन्ही वापरतात. वाकणाऱ्या दुर्बिणीने खोलवर पाहता येते. वस्तू काढताना आणि जोराचा अडथळा असताना बहुधा धातूची सरळ नळी लागते, कारण तिच्यातूनच श्वास देता येतो आणि चिमटाही घालता येतो. यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. भूल देणारे डॉक्टर आणि दुर्बीण धरणारे डॉक्टर यांची वाट एकच असते, म्हणून हे काम अनुभवी मोठ्या रुग्णालयातच करावे. तेथे जाताना रुग्णाला आडवे निजवण्याची सक्ती करू नये. ज्या स्थितीत त्याला श्वास बरा वाटतो त्या स्थितीत, बहुधा बसवून, प्राणवायू देत न्यावे. झोपेचे औषध परस्पर देऊ नये.

गाठ असेल तर ती दुर्बिणीतून खरवडून, लेसरने किंवा विजेच्या उष्णतेने जाळून, अथवा गोठवून वाट मोकळी करतात. बाहेरून दाब असेल तर आत सिलिकॉनची किंवा जाळीदार धातूची नळी ठेवतात. हृदयाच्या स्टेंटप्रमाणेच तिलाही स्टेंट म्हणतात. त्याने कर्करोग बरा होत नाही, पण श्वास मिळतो आणि किरणोपचार व औषधे देण्यास वेळ मिळतो. १९४१ पासून परळला उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयात आपल्या भागातील पुष्कळ रुग्ण जातात. राहण्याची सोय नसणाऱ्यांना दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा ठाऊक असावी. वणाने आवळलेली नळी ताणून मोठी करतात, पण ती पुन्हा आवळू शकते. आवळलेला भाग लहान आणि रुग्ण सशक्त असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोके शिवून टाकतात. तो बहुधा कायमचा उपाय ठरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपला उपचार तिच्यात बसतो की नाही हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी विचारावे, पैसे भरून झाल्यावर नव्हे.

राहता राहिला गळ्याला भोक पाडण्याचा विषय. "भोक पाडले म्हणजे माणूस गेला" असे आपल्याकडे समजतात आणि सही करावयास नातेवाईक मागे हटतात. मी नोकरीत अशी भांडणे पाहिली आहेत. तोवर इकडे रुग्णाचे ओठ काळे पडत असत. हे भोक अडथळ्याच्या खाली पाडतात म्हणून हवा थेट आत जाते. वरचा अडथळा दूर झाला की नळी काढून टाकतात. घरी नळी असताना आतली लहान नळी सांगितल्याप्रमाणे रोज काढून धुवावी, गळ्यावर ओले पातळ फडके सैल बांधावे म्हणजे महामार्गाची धूळ व चुलीचा धूर आत जात नाही, आणि नदीत किंवा विहिरीत उतरू नये. काही रुग्णांना नळीवर बोट ठेवून बोलता येते, पण ते डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच करावे. नळी काढल्यावर भोकावर पट्टी लावतात, आणि ते बहुतेकांत काही दिवसांत आपोआप मिटते.